बाबांना मानवेल असं वाण

झिंडेलफिंगेन, १२ जानेवारी २०२५

चि. देवदत्त,

आशीर्वाद आहेत, पण ते रागाच्या खाली दबले आहेत, तेव्हा शोधून घे. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवला आहेस, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्ता कबीरने दिला. आधी देतच नव्हता. तुझा शाळासोबती, शेवटी तुझ्याच वळणाचा. त्याला बसवून साबुदाण्याची खिचडी खायला घातली, तेव्हा बोलला. त्याच्यावर डाफरू नकोस.

तो म्हणाला, तू बर्लिनला गांजाच्या एका फेराइनमध्ये, क्लबमध्ये, कामाला आहेस. सरकारी परवाना असलेल्या. सभासदांसाठी झाडं वाढवतोस, महिन्याला पगार घेतोस आणि त्यातून पेन्शनचे पैसेसुद्धा कापले जातात. मी म्हटलं, घ्या! ज्या गोष्टीपायी तुझ्या बाबांनी तुला एकोणिसाव्या वर्षी घराबाहेर काढलं, तीच गोष्ट तुला म्हातारपणी पोसणार. कायद्यालाही सवडीने शहाणपण सुचतं.

आता कामाचं. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. बहात्तर वर्षांचे, मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेले. गेल्या ऑक्टोबरात त्यांना नागीण झाली, उजव्या बरगडीवर. फोड सुकले, पण आतली आग काही जाईना. अंगाला कापड लागलं तरी कळ उठते. शर्ट घालवत नाही, म्हणून बिचारे भर थंडीत लुंगी लावून उघडे बसतात आणि घरातल्या बाकीच्यांना हायझुंग भडकवून त्या उकाड्यात शिजायला लावतात. गाडीचा पट्टा सोसत नाही, म्हणून गाडीही बंद. गोळ्या बदलून बदलून झाल्या. एकीने तोल जातो, दुसरीने पोट बिघडतं, तिसरीने काहीच होत नाही. आता दुखण्याची जी फ्राऊ डॉक्टर आहे ती म्हणते, कॅनबिस घेऊन बघा. अपोथेकमध्ये बाकीच्या औषधांसारखं रीतसर रेझेप्टवर, तिच्या चिठ्ठीवर मिळतं.

तर या गृहस्थांचा प्रश्न असा, की इतक्या प्रकारांतलं आपल्याला मानवेल ते कसं ओळखायचं? कुणी इंडिका म्हणतं, कुणी साटिवा म्हणतं, कुणी आणखी काही. तुझा धंदाच आहे, म्हणून विचारते. दोन ओळी लिहिल्यास तर हात झिजणार नाहीत.

इकडे सगळं ठीक. बाबाही ठीक.

आई

झिंडेलफिंगेन, २५ जानेवारी

चि. देवदत्त,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: "बाबांना झोप लागते का?" इतकं कळतं तर फोन घ्यायला काय होतं रे तुला?

हो, बाबाच. आणि नाही, झोप लागत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो तेवढाच. रागवायचा उत्साहही राहिलेला नाही, यावरून काय ते समज. जिना झाडायची आठवड्याची पाळी, केअरवोखे, आमच्याकडे होती, शेजारणीने पायऱ्यांवर पडलेल्या वाळूवरून बोट फिरवून दाखवलं, तर हे तिचंच बरोबर धरून "गेनाऊ, गेनाऊ" म्हणून आत आले. एरवी अर्धा तास वाद घातला असता.

आणि तरीही औषध घ्यायचं म्हटलं की अंगात इंजिनिअर संचारतो. फ्राऊ डॉक्टरने नाताळाच्या आधी लिहून दिलं आहे. डबी घरात आहे. झाकण उघडलेलं नाही. का? तर "सिलेक्शन" चाललं आहे. ब्रेकसाठी व्हेंडर निवडतात तसं. सकाळपासून त्या कॉम्प्युटरसमोर उघडे बसून वाचतात आणि मला भाजी चिरताना येऊन सांगतात.

पहिला निर्णय असा, की हायब्रिड नको. मी विचारलं, का नको? तर म्हणे, "आमच्या लहानपणी हायब्रिड ज्वारी आली होती. भाकरी थापायला घेतली की तुकडे. आई म्हणायची, ही गुरांनासुद्धा घालू नका. मला प्युअर पाहिजे. गावरान." आता गावरान गांजा झिंडेलफिंगेनमध्ये कुठून आणू? मंडईत जाऊ? मग प्युअरमध्ये इंडिका घ्यायचं ठरलं. का, तर ते आपल्याकडचं. मी म्हटलं, अहो, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आहे का हे? दुखतंय तुम्हाला.

दुसरी हरकत टक्क्यांची. डॉक्टरने दिलेल्या डबीवर टीएचसी दहा टक्के आणि सीबीडी दहा टक्के असं लिहिलं आहे. हे म्हणाले, "दहा? शैला, दुकानात सत्तावीसवालं मिळतंय, आणि ही बाई मला दहावर काढते. दहा टक्क्यांत कोण पास होतं?" तुला आठवत असेल, तू शाळेत एक, म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड आणलास तरी ते "हे एक म्हणजे टक्के किती?" असं विचारायचे. माणूस अजून तिथेच आहे.

पण मला विचारशील तर यांना निवडायचंच नाही. निवड संपली की डबी उघडावी लागेल. डबी उघडली, तर तुला ज्याच्यासाठी काढलं तेच आपण घेतलं, असं होईल. हे ते बोलत नाहीत. कळा सोसतील, पण नाक वर ठेवतील.

तू नीट समजावून लिही. प्रकार कुठले, निवडायचं कसं, सगळं. आणि कार्डावर नको.

आई

झिंडेलफिंगेन, ८ फेब्रुवारी

देवदत्त,

तुझ्या पत्राची वाट बघत बसले आणि इकडे तुझ्या बाबांनी दिवे लावले.

डॉक्टरची डबी तशीच ठेवून यांनी इंटरनेटवरच्या कुठल्याशा डॉक्टरकडे प्रश्नावली भरली. तो डॉक्टर यांनी पाहिलेला नाही, त्याने यांना पाहिलेलं नाही. तरी चार दिवसांत पार्सल दारात. मला म्हणाले, गाडीचा पार्ट आहे. वर लिहिलेलं: प्युअर इंडिका, सत्तावीस टक्के. डिस्टिंक्शनच!

मंगळवारी मी महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते. मागे यांनी डबीसोबत डॉक्टरने लिहून दिलेलं, फूल तापवून वाफ ओढायचं यंत्र काढलं. एक झुरका घेतला, थोडा वेळ थांबले, काही होईना. यांना वाटलं, माल हलका आहे. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. मी परत आले तर सोफ्याचे दोन्ही हात गच्च धरून बसलेले, आणि तोंड पांढरंफटक. म्हणाले, "शैला, माझं हृदय माझ्या पुढे पळतंय. पॉलिसीचे कागद निळ्या फाइलीत आहेत. गाडी विकलीस तर चारही विंटर टायर वेगळे विक, जास्त येतील."

मला हसावं की रडावं कळेना. तशीच फ्राऊ डॉक्टरला फोन लावला. तिने नाडी मोजायला लावली, पाणी द्या म्हणाली, शेजारी बसून बोलत राहा, उतरेल म्हणाली. छाती दुखली किंवा शुद्ध हरपली तर लगेच अँब्युलन्स बोलवा, तेही सांगितलं. मी यांचा हात धरून बसले आणि बोलत राहिले. काय बोलणार? लग्नापासूनच्या तक्रारी सांगितल्या. संध्याकाळपर्यंत उतरलं. मग जे झोपले ते दुसऱ्या दिवशी जेवायला उठले.

फ्राऊ डॉक्टर नंतर खूप बोलली यांना. तिचं बरोबर होतं. यांनी मान खाली घालून ऐकलं आणि घरी आल्यावर जाहीर केलं, की हा विषय संपला. दोन्ही डब्या आणि ते यंत्र एका पिशवीत घातलं, खाली तळघरात, केलरमध्ये गेले आणि पिशवी विंटर टायरच्या मागे ठेवून आले. कळलं ना कुठे? तुझी पिशवी त्यांना सापडली होती तिथेच. मी हे त्यांना म्हटलं. ते वर येऊन खुर्चीत बसले.

आता परत रोज तीच कळ, तीच खुर्ची. गोळ्यांनी होत नाही, याने घाबरले. पुढे काय उरलं ते डॉक्टरही सांगत नाही. देवा, तू ये. दोन दिवस ये. तू समोर बसून सांगितलंस तर ऐकतील. तुझं नाव काढत नाहीत, हे खरं आहे. पण तुझ्या खोलीतला तुझा टेबल लॅम्पही त्यांनी कुणाला हलवू दिलेला नाही.

आई

झिंडेलफिंगेन, २० फेब्रुवारी

चि. देवदत्त,

चार पानी पत्र! अर्धं मराठी, अर्धं जर्मन, आणि अक्षर अजून कोंबडीचे पाय. पण वाचलं, नीट वाचलं. शेवटची ओळ आधी घेते. "त्यांनी बोलावलं तर येईन." मी हे त्यांना विचारलं, म्हणजे आडून विचारलं. तर म्हणाले, "ज्याला यायचं आहे त्याला बोलवावं लागत नाही." झालं. एक म्हणतो बोलवा, दुसरा म्हणतो बोलावणार नाही. दोघं एकाच डायवर ठोकलेले, आणि मधे मी. तुमच्या दोघांच्या मानापानात माझी उमर गेली. मला तू हवा आहेस, हे मी सरळ लिहिते, मला त्याची लाज नाही. पण माझ्या बोलावण्याने तू येणार नाहीस, म्हणून पुढचं लिहिते.

मी एक युक्ती केली. तुझं पत्र यांना ऐकवलं, पण तुझं म्हणून नाही. अपोथेकमध्ये जी तरुण बाई आहे, ती हे सगळं म्हणाली, असं सांगितलं. दूध आणायला जाते म्हणून गेले, बेकरीत कॉफी पीत तुझं पत्र पाठ केलं आणि घरी येऊन "अपोथेकरिन म्हणते" असं सुरू केलं. या वयात मला परीक्षा द्यायला लावलीस.

अपोथेकरिन म्हणते, इंडिका आणि साटिवा हे मुळात झाडाच्या ठेवणीवरून पडलेले शब्द. एक बुटकं, रुंद पानांचं, दुसरं उंच, निमुळत्या पानांचं. माणसाला झोप येईल की तरतरी, हे त्यावरून ठरत नाही. आणि इतकी वर्षं लोक एकात दुसरं मिसळत आले आहेत, की बाजारात आज जे आहे ते जवळजवळ सगळं हायब्रिडच आहे. डबीवरचं प्युअर हे दुकानदाराचं प्युअर.

इथे बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे मी हायब्रिडच घेतलं?" मी म्हटलं, हो, आणि भाकरीही तुटली.

अपोथेकरिन म्हणते, नावाकडे बघू नका, टीएचसी, म्हणजे डोक्यात चढणारं, किती आणि सीबीडी, म्हणजे न चढणारं, किती ते बघा. टीएचसी जास्त म्हणजे माल चांगला असं नाही. जास्त म्हणजे नुसतं जास्त. तिखटासारखं. ज्याने आयुष्यात मिरची खाल्ली नाही त्याने ठेच्यापासून सुरुवात करायची नसते. यांच्या वयाला, नवख्या माणसाला कमी टीएचसी आणि सोबत सीबीडी, म्हणजे डॉक्टरने दिलेलंच ठीक. बाई काही वेडी नव्हती. वासाचं म्हणशील, तर लिंबासारखा वास असला की उत्साह, मातीसारखा असला की झोप, असं लोक सांगतात. पण शास्त्राला ते अजून पक्कं माहीत नाही. एकच वाण एकाला झोपवतं आणि दुसऱ्याला जागं ठेवतं. त्यामुळे तुम्हाला कुठलं मानवेल ते दुसरं कुणीही सांगू शकत नाही. अगदी थोडं घ्यायचं, थांबायचं, आणि काही दिवस तेच ठेवायचं. बीपीच्या गोळीचं डॉक्टरला विचारायचं. गाडीला हात लावायचा नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे हे सिलेक्शन नाहीच. ही ट्रायल आहे." मी म्हटलं, गेनाऊ. तर म्हणाले, "मग आधी तसं सांगायचं ना. ट्रायल रन घेतल्याशिवाय गाडी पास होते का?" जसं काही इतके दिवस मीच अडवून धरलं होतं!

संध्याकाळी केलरमधून पिशवी वर आली. सत्तावीसवालं त्यांनी अपोथेकमध्ये परत नेऊन दिलं, फेकून द्या म्हणून. दहावालं टेबलावर आहे. झाकण अजून लागलेलं आहे, पण टेबलावर आहे.

आई

झिंडेलफिंगेन, ५ मार्च

चि. देवदत्त,

मी काय डॉइचे पोस्ट आहे का? तुझी पत्रं, त्यांचे प्रश्न, परत तुझी उत्तरं. माझ्या डोक्यात आता साखर-मीठ किती संपलं तेही राहत नाही.

उघडलं त्यांनी. फ्राऊ डॉक्टरला आधी फोन केला, तिने मात्रा सांगितली, तू लिहिली होतीस तेवढीच. पहिल्यांदा घेताना मला शेजारी बसायला लावलं, आणि निळ्या फाइलीचं नाव काढायचं नाही अशी मी अट घातली. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग यांची चुळबुळ सुरू झाली. "वाढवू का? दुसरं वाण बघू का?" मी म्हटलं, अपोथेकरिनने तेच ठेवायला सांगितलं आहे. तर निमूट ऐकलं. माझं कधी ऐकलं नाही, पण तिचं ऐकतात.

तर आता प्रश्न. यंत्राचं तापमान किती ठेवायचं? यांच्या मते माहितीपत्रकातला आकडा वरच्या बाजूचा आहे, आणि सेन्सर नेमका कुठे बसवलाय ते लिहिलेलं नाही, म्हणून आकड्याला अर्थ नाही. थेंबही मिळतात म्हणे, त्यांचा असर उशिरा येतो पण टिकतो, तर संध्याकाळसाठी ते विचारावेत का डॉक्टरला? फूल किती बारीक करायचं? चहापत्तीएवढं की रव्याएवढं? हे सगळं मी हातावर लिहून घेतलं, कारण कागद आणायला उठले असते तर यांचा विचार बदलला असता.

सगळं सांगून झालं. मी उठले. तर म्हणाले, "आणखी एक विचार तिला."

मी म्हटलं, काय?

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वेळेवर जेवते का विचार. बर्लिनची थंडी वाईट असते."

आपलं अपोथेक इथे कोपऱ्यावर आहे, बेकरीच्या शेजारी. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. मी फक्त "हो, विचारते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून रडले. किती दिवसांपासून कळलं होतं कुणास ठाऊक. कदाचित पहिल्या दिवसापासून. ठेच्याचा दाखला कुठली जर्मन बाई देईल?

तर जेवतोस का वेळेवर? खरं लिही. ब्रेडवर भागवतोस हे कबीर बोलला आहे.

आई

झिंडेलफिंगेन, १७ मार्च

चि. देवदत्त,

काल बाबांनी शर्ट घातला.

तो निळा चौकडीचा, मऊ झालेला. वरची बटणं उघडी ठेवली, उजवी बाजू सैल सोडली, पण घातला. मी काही बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. हायझुंग कमी केलं तेवढं.

दुखणं गेलेलं नाही, हे आधी लिहिते, नाहीतर तू हवेत जाशील. ते म्हणतात, "शेजारच्या खोलीत गेलंय. आवाज येतो, पण अंगावर बसलेलं नाही." गुंगी नाही, तोल जात नाही. रात्री बिछान्यात आडवे झोपले. फ्राऊ डॉक्टर खूश आहे, पण सावध आहे. म्हणाली, पुढच्या महिन्यात परत बघू, कुणाला टिकतं, कुणाला नाही. वाण बदलायचं नाही असं ठरलं आहे. तेच दहावालं हायब्रिड. पास झालं.

सकाळी बसून चहा पीत होते. चहाला नावं ठेवली, म्हणजे तब्येत सुधारली. मग कप तसाच हातात धरला, पिईनात. मला वाटलं, कळ आली. विचारलं, अहो, दुखतंय का? तर मान हलवली आणि म्हणाले,

"मला वाटायचं, हे मजेसाठी घेतात लोक. अगं, यात मजा कसली? नुसतं दुखायचं थांबतं."

मी म्हटलं, हो.

"मग तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा त्याला काय दुखत होतं?"

मी नेहमीसारखं म्हटलं, अपोथेकरिनला विचारू का?

"नाही," म्हणाले. "देवदत्तला."

तुझं नाव त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकलं! ते कप विसळायला उठले, म्हणजे त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं. पाठमोरे उभे राहून म्हणाले, "मी पिशवीत काय आहे ते विचारलं होतं. हे विचारलंच नव्हतं."

देवा, या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. तू मलाही कधी सांगितलं नाहीस. आणि आता मला सांगूही नकोस, मी ते इकडून तिकडे पोचवणार नाही. चार पानी पत्र आलं तरी उघडणार नाही. ज्याने विचारलं त्याला सांग. सांगवेल तेवढंच सांग, पण त्यांना सांग.

घरचा फोन नंबर तोच आहे. बाबा आता दिवसभर त्याच्या जवळच बसतात, उगाच पेपर चाळत. वाजला तर मी उचलणार नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

आई